पिंगला उत्तर येतं, प्रिंट येत नाही: वाडीच्या एका गोदामातलं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरहून अमरावती रोडने बाहेर पडलं की वाडी लागते. दोन्ही बाजूंना ट्रान्सपोर्टची ऑफिसं, वजनकाटे, टायरवाले आणि त्यांच्या मागे गोदामांच्या रांगा. यातल्याच एका गोदामातून पंखे, कूलरच्या मोटरी, पंप आणि पॅड यांचं वितरण चालतं. माल विदर्भभर जातो, शिवाय छिंदवाडा आणि रायपूरकडेही. फर्मचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. या फर्मच्या संगणकांच्या देखभालीचं वार्षिक काम आमच्याकडे आहे.

ऑफिस छोटं. बिलिंगचे चार संगणक, डिस्पॅचच्या टेबलावर एक, अकाउंट्सचे दोन आणि शेठजींच्या केबिनमधला एक. या सगळ्यांसाठी मिळून एकच लेझर प्रिंटर, नेटवर्कच्या तारेने स्विचला, म्हणजे सगळ्या संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात त्या डबीला, जोडलेला. प्रिंटर बसवणाऱ्याने त्याच्या पॅनलवरून १९२.१६८.१.५० हा कायमचा आयपी पत्ता (जाळ्यात यंत्र ओळखायचा आकडा) टाकून ठेवला होता आणि सगळ्या संगणकांवर तोच पत्ता भरला होता. काही वर्षं त्याकडे कोणाला पाहायची गरज पडली नाही.

आमच्याकडे मार्च-एप्रिल म्हणजे कूलरचा सीझन. एप्रिल उजाडायच्या आत दुकानदारांना माल हवा असतो, आणि त्यात मार्चएंड. ३१ मार्चच्या आत बिल फाटलं पाहिजे म्हणून शेवटच्या आठवड्यात गाड्यांवर गाड्या लागतात. मालाच्या प्रत्येक बिलाच्या तीन प्रती निघतात: एक घेणाऱ्याची, एक ट्रान्सपोर्टरची, एक आपली. कागद निघाला नाही की भरलेली गाडी गेटवर उभी राहते, तिच्यामागे दुसरी लागते आणि ड्रायव्हर ऑफिसच्या दारात येऊन उभा राहतो.

अडचण

तक्रार फोनवर आली ती अशी: "प्रिंटर चालूनच नाही राहिला, सर. सकाळी दोन बिलं निघाली, मंग बंदच पडला. आता निघते, मंग नाही निघत."

या "आता निघते, मंग नाही निघत" मध्ये बरंच काही होतं. बिघडलेला प्रिंटर सहसा सगळ्यांसाठी बिघडतो. इथे बिलिंगच्या चार संगणकांपैकी दोघांवरून प्रिंट जात होती, दोघांवरून नाही. तासाभराने उलटं व्हायचं. ज्यावरून जात नव्हती तिथे रांगेत काम दिसायचं, थोडा वेळ "प्रिंटिंग" दाखवायचं आणि मग "एरर". प्रिंटरच्या पॅनलवर मात्र "रेडी". कागद आहे, टोनर आहे, लाल दिवा नाही.

संध्याकाळी पाचनंतर बहुतेक वेळा सगळं सुरळीत. त्यामुळे ऑफिसात दोन तर्क पक्के झाले होते. एक, मशीन गरम होतं. नागपूरच्या मार्चमध्ये पत्र्याच्या शेडखाली हा तर्क कोणालाही पटेल असाच. दुसरा, "लोड जास्त होऊन राहिला". दोन्ही चुकीचे निघाले, पण दोन्ही वेडगळ नव्हते.

आधी काय काय करून झालं होतं

आम्ही पोचायच्या आत बरंच काही करून झालं होतं, आणि त्यातलं काही पुढे आम्हालाच निस्तरावं लागलं.

ऑफिसातल्या संगणकाची जाण असलेल्या मुलाने स्पूलर, म्हणजे छापायच्या कामांची रांग सांभाळणारी सेवा, साफ केला होता. विंडोजमधली "प्रिंट स्पूलर" ही सेवा थांबवायची, सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरातलं "प्रिंटर्स" हे फोल्डर रिकामं करायचं आणि सेवा पुन्हा सुरू करायची. ही रीत बरोबरच आहे. प्रत्येक कामाच्या तिथे दोन फाइली बनतात, एकीत छापायचा मजकूर, दुसरीत त्या कामाची माहिती. त्या अडकल्या की रांग अडकते. असं केल्यावर कधी प्रिंट निघायची, कधी नाही. निघाली की "साफ केल्याने झालं" अशी समजूत व्हायची आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा.

मग ड्रायव्हर काढून नव्याने टाकला. नेटवर्कची तार बदलली. स्विचचा पोर्ट बदलला. दोन संगणकांवर प्रिंटर नव्याने जोडला, तेव्हा विंडोजने तो आपापल्या पद्धतीने शोधून "कॉपी १" नावाने वेगळाच टाकून दिला.

प्रिंटर विकणाऱ्या दुकानाचा इंजिनियरही येऊन गेला. त्याने मशीनचं सेटिंगचं पान छापलं, काचेवर कागद ठेवून झेरॉक्स काढली, दोन्ही स्वच्छ. "मशीन ओके" असं लिहून, सही घेऊन तो गेला. त्याचं म्हणणं खरंच होतं. संगणक पाहणाऱ्याला संगणकात दोष सापडला नाही, मशीन पाहणाऱ्याला मशीनमध्ये सापडला नाही. या दोघांच्या मधली जागा कोणाच्याच कामात बसत नव्हती.

शेठजींच्या टेबलावर तोवर नव्या प्रिंटरचं कोटेशन येऊन पडलं होतं.

पहिला निर्णय: काहीच बंद-चालू करायचं नाही

आम्ही पोचलो तेव्हा चार संगणकांपैकी दोघांवर प्रिंट अडकलेली होती आणि गेटवर गाडी भरून उभी होती. डिस्पॅचवाल्या दादांचं म्हणणं, राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद करून चालू करा, दहा मिनिटं तरी चालतं. ते खोटं नव्हतं.

पण दोष सुरू असताना समोर बसायला मिळणं ही येऊन-जाऊन होणाऱ्या बिघाडात दुर्मीळ गोष्ट असते. सगळं बंद-चालू केलं की गाडी सुटते आणि माग पुसला जातो. म्हणून मधला रस्ता काढला. प्रिंटरला यूएसबीचा सॉकेट होता. शेजारच्या बिलिंगच्या संगणकाला पाच मीटरच्या आतल्या तारेने तो थेट जोडला. बाकीच्यांनी बिलाची पीडीएफ सामायिक फोल्डरात टाकायची आणि बिलिंगच्या ताईंनी तिथून छापायची. काम संथ झालं, पण थांबलं नाही. नेटवर्कचा दोष जसाच्या तसा आमच्या हाती राहिला.

यूएसबीवरचा प्रिंटर विंडोजमधून सगळ्यांना "शेअर" का केला नाही, असं त्या मुलाने विचारलं. प्रश्न बरोबर होता. इथे एक संगणक अजून विंडोज ७ वर होता, काही १० वर, एक ११ वर. २०२१ च्या जुलैमध्ये "प्रिंटनाइटमेअर" नावाने गाजलेली स्पूलरमधली सुरक्षेची त्रुटी बाहेर आली आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टने प्रिंटर शेअरिंगचे नियम आवळत नेले. त्याच सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरवर ०x०००००११बी हा एरर अनेक ऑफिसांनी पाहिला. रजिस्ट्रीत बदल करून तो घालवता येतो, पण त्याने बंद केलेलं दार पुन्हा उघडतं. मार्चएंडच्या दुपारी एक आजार बरा करताना दुसरा घरात घ्यायची आमची तयारी नव्हती.

कागदाशिवाय गाडी सोडायची का, हाही पर्याय निघाला. नियमाने वाट होती. फर्मची उलाढाल ५ कोटींच्या वर असल्याने बिलं ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदलेली, होती. जीएसटीच्या नियम १३८ए प्रमाणे अशा बिलाचा क्यूआर कोड तपासणीत मोबाइलवर दाखवला तरी चालतो, आणि ई-वे बिलाचा, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या पासाचा, नंबर असला तरी पुरतो. शिवाय ई-वे बिलाची मुदत भाग ब (गाडीचा तपशील) भरल्यापासून मोजली जाते, २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने. रायपूरच्या गाडीचा भाग ब आधीच भरून झाला होता. प्रिंट अडकली म्हणून ते घड्याळ थांबणार नव्हतं.

शेठजींनी मात्र नकार दिला. त्यांचं कारण कायद्याचं नव्हतं. "रस्त्यावर चालून जाईल हो, पण तिकडे माल उतरवून घेणारा कागदावरच शिक्का मारते. ड्रायव्हरच्या मोबाइलवर कुठं मारन?" पोच म्हणून शिक्क्याची प्रत परत आली नाही तर पैसे अडकतात, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून यूएसबीवरून कागद काढूनच गाड्या सोडायच्या, असं ठरलं.

तपास

आता निवांतपणे पाहायला वेळ होता. नेटवर्कच्या प्रिंटरबाबत आधी नकार कोण देतंय ते ठरवावं लागतं. काम संगणकातच अडलंय, वाटेत अडलंय की मशीनने दारातून परत पाठवलंय? विंडोजचा "ऑफलाइन" हा शब्द या तिन्हीला सारखाच वापरला जातो. कधी तर मशीन धडधाकट असतं आणि विंडोजने एसएनएमपीने (यंत्राची हालहवाल विचारायची पद्धत) विचारलेल्या "कसं आहेस" ला उत्तर आलं नाही, एवढ्यावरूनच ऑफलाइन दाखवलं जातं.

अडलेल्या एका संगणकावरून प्रिंटरच्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे "आहेस का" अशी हाक मारली. उत्तर आलं. आधीच्यांनीही पिंग केलं होतं, उत्तर पाहिलं होतं आणि "नेटवर्क ठीक आहे" म्हणून ते पुढे ड्रायव्हरकडे वळले होते. तिथेच वाट चुकली.

मग पोर्ट तपासला. हा तारेचा सॉकेट नव्हे, एका पत्त्यावरचं ठरावीक कामाचं दार. विंडोज प्रिंटरला काम पाठवतं ते बहुतेक वेळा टीसीपीच्या ९१०० या पोर्टवर. विंडोजच्या पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेने त्या पत्त्याचा ९१०० पोर्ट विचारला. पिंग यशस्वी, पोर्ट अयशस्वी. तेही लगेच, वाट पाहायला न लावता. पत्त्यावर कोणी तरी आहे, पण त्याला ९१०० माहीतच नाही, असा त्याचा अर्थ. प्रिंटरला हे माहीत नसेल तर तो प्रिंटर कसला?

पिंगची उत्तरं मग नीट वाचली. ७८ मिलिसेकंद, १४०, २१२, पुन्हा ९०. शेजारच्या संगणकाला पिंग केलं तर प्रत्येक उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत. प्रिंटर त्याच स्विचला तारेने जोडलेला. तारेवरच्या मशीनला एवढा वेळ लागत नाही. एवढं रेंगाळत उत्तर देतो तो वायफायवरचा मोबाइल, बॅटरी वाचवायला मधूनमधून डुलकी घेणारा.

खात्री करायला प्रिंटरची नेटवर्कची तार मागून काढून हातात धरली. पिंग चालूच ठेवलं होतं. तार माझ्या हातात आणि पडद्यावर १९२.१६८.१.५० कडून उत्तर येतच होतं. तो मुलगा एकदा तारेकडे, एकदा पडद्याकडे पाहत म्हणाला, "मंग हा कोण बोलून राहिला?"

त्याचं उत्तर संगणकातल्या एआरपीच्या तक्त्यात होतं. आयपी पत्ता हा वरवरचा, बदलता येणारा. आतल्या जाळ्यात माल पोचतो तो नेटवर्क कार्डच्या मॅक पत्त्यावर, आणि कोणता आयपी कोणत्या मॅककडे याची तात्पुरती नोंद प्रत्येक संगणक आपापली ठेवतो. अडलेल्या संगणकाच्या नोंदीतला मॅक प्रिंटरच्या सेटिंगच्या पानावरच्या मॅकशी जुळत नव्हता. प्रिंट जाणाऱ्या संगणकाची जुळत होती. दोन संगणकांना एकाच पत्त्यावर दोन वेगळी घरं दिसत होती.

त्या अनोळखी मॅकचा दुसरा अंक "ए" होता (मॅकमध्ये ए ते एफ ही अक्षरंही अंकच असतात). हा तपशील कामाचा आहे. मॅकमधला दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातून आलेला नसतो, यंत्राने स्वतः बनवलेला असतो. अँड्रॉइड १० पासून मोबाइल प्रत्येक वायफायसाठी असा बनावट मॅक वापरतात. म्हणजे समोर मोबाइल होता हे जवळजवळ पक्कं, आणि मॅकवरून कंपनी शोधत बसण्यात अर्थ नव्हता.

कोणाचा मोबाइल? राउटरमध्ये शिरून यादी पाहता आली असती, पण राउटर इंटरनेट देणाऱ्यांचा, त्याचा पासवर्ड ऑफिसात कोणाकडेच नव्हता. वायफायचा पासवर्ड मात्र भिंतीवर चिकटवलेला, हमालांपासून ड्रायव्हरांपर्यंत सगळ्यांना पाठ. मग साधा उपाय केला. पिंग सुरू ठेवलं, प्रिंटरची तार पुन्हा जोडली आणि ऑफिसातल्या एकेकाला मोबाइलचं वायफाय बंद करायला सांगितलं. ताईंनी केलं, उत्तर रेंगाळतच राहिलं. डिस्पॅचवाल्या दादांनी केलं, तेच. लोडिंग सुपरवायझर बाहेरून चहाला आत आले होते. त्यांनी बोट टेकवलं आणि पडद्यावर दोन-तीन ओळी "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" अशा आल्या. पुढची ओळ १ मिलिसेकंदाच्या आतली, आणि मग सगळ्याच तशा.

हे मोबाइलला कसं जमलं

सुपरवायझरांचा दोष काहीच नव्हता. मूळ दोन महिने आधी घडलेल्या एका गोष्टीत होतं, आणि ती ऑफिसात कोणाला सांगण्यासारखी वाटली नव्हती: इंटरनेट देणाऱ्यांनी राउटर बदलून दिला होता.

वायफायला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला राउटर आपणहून आयपी पत्ता वाटतो. जुना राउटर शेवटचा आकडा १०० च्या पुढचा असलेले पत्ते वाटायचा. त्यामुळे ५० हा पत्ता प्रिंटरला सुरक्षित होता. नव्या राउटरची वाटणी कारखान्यातून आली तशीच, २ पासून २५४ पर्यंत. म्हणजे ५० आता त्याच्या वाटायच्या पत्त्यांत आला होता. सुरुवातीला माणसं कमी, मोबाइल कमी, वाटणी खालच्या आकड्यांतच थांबत होती. सीझनला हमाल वाढले, गाड्या वाढल्या, ड्रायव्हरांचे मोबाइल जोडले जाऊ लागले आणि वाटणी वर सरकत ५० पर्यंत पोचली.

पत्ता देण्याआधी तो कोणी वापरतंय का हे बरेचसे राउटर तपासतात. इथे त्या तपासणीलाही वाव नव्हता, कारण रात्री गोदाम बंद करताना ऑफिसचा मेन स्विच पाडायची पद्धत होती. आगीच्या भीतीने लागलेली सवय, आणि चांगली सवय. राउटर आणि सीसीटीव्ही मात्र इन्व्हर्टरवर, चोवीस तास चालू. सुपरवायझर सकाळी आठला येऊन शटर उघडत. तेव्हा प्रिंटर झोपलेलाही नसे, मेलेलाच असे. राउटरने ५० ला हाक मारली तर उत्तर द्यायला कोणी नाही. पत्ता मोकळा समजून त्याने तो मोबाइलला देऊन टाकला. दहाला ऑफिस उघडलं, मेन चालू झाला, प्रिंटर उठला आणि पॅनलवर भरलेला आपला ५० लावून बसला. एका पत्त्यावर दोन भाडेकरू. मोबाइलचा बनावट मॅक त्या वायफायसाठी तोच राहतो, त्यामुळे राउटर रोज ओळख ठेवून त्याला तोच पत्ता देत राहिला.

सगळी लक्षणं मग जागेवर बसली. सुपरवायझर गाडीपाशी, यार्डाच्या टोकाला असले की वायफायच्या टप्प्याबाहेर, प्रिंट सुरू. आत आले की काही संगणकांची नोंद मोबाइलकडे वळायची. कोणाची वळेल हे त्या क्षणी कोणाच्या विचारणेला कोणाचं उत्तर आधी आलं यावर. पाचनंतर ते यार्डातच असत, म्हणून संध्याकाळी सुरळीत. स्पूलर साफ करायला जी पाच-दहा मिनिटं जायची, तेवढ्यात जुनी नोंद शिळी होऊन नवी विचारणा व्हायची, आणि कधी प्रिंटरचं उत्तर आधी यायचं. म्हणून स्पूलर साफ केल्याने "कधी कधी" जमायचं. उष्णतेचा यात काडीचा संबंध नव्हता.

दुसरा निर्णय: कायमचा उपाय कोणता

चार वाटा होत्या.

प्रिंटरचा पत्ता बदलणं सगळ्यात सोपं, पण राउटर २ ते २५४ वाटत असताना कुठलाही आकडा सुरक्षित नव्हता. मुक्काम हलला असता, एवढंच.

राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅकसाठी पत्ता राखून ठेवणं ही पुस्तकातली उत्तम रीत. प्रिंटरने पत्ता राउटरकडून घ्यायचा आणि राउटरने तो नेहमी ५०च द्यायचा. मला ही वाट आवडते, त्याचं कारण थोडं आडवं आहे. उद्या पुन्हा राउटर बदलला आणि राखीव नोंद गेली, तर प्रिंटरला दुसराच पत्ता मिळेल आणि सगळे संगणक एकदम बंद पडतील. ढळढळीत बिघाड. आताच्या पद्धतीत मात्र तोच राउटरबदल आठवडाआठवडा "आता निघते, मंग नाही निघत" करत बसतो. सगळं एकदम बंद पडलं की माणूस फोन करतो. निम्मं बंद पडलं की माणूस तर्क करतो.

तिसरी, राउटरची वाटणी आवळून १०० ते १९९ करणं आणि प्रिंटर होता तिथेच ठेवणं. संगणकांवर एकही बदल करावा लागत नाही.

चौथी, मोबाइलसाठी वेगळं पाहुण्यांचं वायफाय, जेणेकरून ड्रायव्हरांचे मोबाइल बिलिंगच्या जाळ्यात येणारच नाहीत. ही वाट बाकीच्यांच्या बदली नाही, त्यांच्या जोडीला घ्यायची आहे.

मार्चएंडला आठ संगणकांना हात लावायचा नाही, असा शेठजींचा आग्रह होता आणि तो रास्त होता. म्हणून तिसरी आणि चौथी एकत्र घेतली. राखीव पत्त्याची वाट सीझन संपेपर्यंत बाजूला ठेवली.

केलेली कारवाई

पहिलं काम, सुपरवायझरांच्या मोबाइलमधून ते वायफाय काढून टाकलं. ते थोडे नाराज झाले. बिल्टीचे फोटो पार्टीला पाठवायला त्यांना तेच लागायचं. संध्याकाळपर्यंत मोबाइल डेटावर चालवा म्हटलं, चालवलं.

मग रांगा. हे घाईत सुटण्यासारखं होतं. नेटवर्क मोकळं होताच चार संगणकांच्या रांगांमध्ये अडलेली सगळी कामं एकदम धावली असती. प्रिंट येत नाही म्हणून प्रत्येकाने एकेक बिल तीन-चारदा पाठवलेलं, त्यातली निम्मी यूएसबीवरून आधीच निघून गाडीबरोबर गेलेली. एकाच बिलाच्या घेणाऱ्याच्या दोन-दोन मूळ प्रती बाहेर पडल्या तर पुढे हिशेबाला तोंड देत बसावं लागलं असतं. म्हणून प्रिंटरची तार पुन्हा काढली आणि ती जोडायच्या आधी चारही संगणकांचे स्पूलर रिकामे केले. ताईंनी वहीत लिहिलेल्या क्रमांकांशी टॅलीतली बिलं ताडून पाहिली, आणि राहिलेली तेवढीच क्रमाने नव्याने छापली.

राउटरच्या पासवर्डसाठी इंटरनेट देणाऱ्यांना शेठजींनीच फोन केला. जोडणी त्यांच्या नावावर असल्याने आमच्या फोनला दाद मिळाली नसती. संध्याकाळी गाड्या सुटल्यावर वाटणी १०० ते १९९ केली, पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या नावाने सुरू केलं, जुन्या वायफायचा पासवर्ड बदलला आणि भिंतीवरच्या कागदावर नवा, पाहुण्यांचा पासवर्ड लिहिला.

शेवटी एक संगणक तरीही "ऑफलाइन" दाखवत राहिला. मूळ दोषाशी याचा संबंध नव्हता. उपचारांतून आलेला हा दुसरा आजार. नव्याने जोडताना विंडोजने बनवलेल्या "कॉपी १" ला डब्ल्यूएसडी पोर्ट लागला होता, ज्यात प्रिंटर पत्त्याने न शोधता हाका मारून शोधला जातो, आणि टॅलीने तोच डीफॉल्ट धरला होता. तो काढून जुना टीसीपी-आयपी पोर्टवाला प्रिंटर डीफॉल्ट केला. बाकी संगणकांवरच्या "कॉपी" नोंदीही साफ केल्या.

निकाल

त्या संध्याकाळनंतर मार्चएंडपर्यंत आणि पुढे एप्रिलच्या गर्दीतही नेटवर्कवरची प्रिंट थांबली नाही. यूएसबीची तार आम्ही मुद्दाम जोडलेलीच ठेवली. ताईंना ती पद्धत येते, कधी लागली तर हाताशी असावी. नव्या प्रिंटरचं कोटेशन परत गेलं. प्रिंटर बदलला असता तर काय झालं असतं याचा मी विचार करून पाहिला. बसवणाऱ्याने जुन्याचाच पत्ता नव्याला दिला असता, कारण सगळ्या संगणकांवर तो भरलेला होता, आणि नवं मशीनही दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तसंच अडलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

राउटर बदलला त्या दिवशी एक प्रश्न विचारला गेला असता तर हे प्रकरणच झालं नसतं: या जाळ्यात हाताने पत्ता भरलेलं काही आहे का? बदलायला आलेला माणूस इंटरनेट चालू झालं, मोबाइलवर यूट्यूब दिसलं की जातो. त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवता येणार नाही. ती ऑफिसनेच ठेवायला हवी. आता प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि हजेरीचं मशीन या तिघांचे पत्ते आणि मॅक लिहिलेला कागद राउटरच्या शेजारी चिकटवला आहे. शाईच्या पेनाने, कारण छापील कागद हवा तेव्हा प्रिंटर बंद असतो.

पिंगला उत्तर आलं तेव्हा आधीच्यांनी तिथे थांबून दोन गोष्टी पाहिल्या असत्या तर बराच वेळ वाचला असता: उत्तराला लागलेला वेळ, आणि तार काढल्यावर उत्तर येतं का. दोन्हींना ना सॉफ्टवेअर लागतं ना पासवर्ड. त्या मुलाला हे दोन्ही आता येतं, आणि माझ्या मते पुढच्या वेळी तो आमच्याआधी शोधून काढेल.

आपण नेमकं काय केलं हे पुढच्या माणसासाठी कोणी लिहून ठेवलं नव्हतं. ड्रायव्हर कधी बदलला, "कॉपी १" कधी बनली, प्रिंट कधी थांबली आणि कधी सुरू झाली. वेळांची वही पहिल्या आठवड्यापासून असती, तर "पाचनंतर चालतं" हे उष्णतेच्या खात्यात न जाता माणसांच्या येण्याजाण्याशी ताडून पाहता आलं असतं. फोनवरच्या तक्रारीत आम्ही आता तीन गोष्टी विचारतो: सगळ्यांची थांबते की काहींची, कधी थांबते, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत नेटवर्कमध्ये काय नवीन आलं. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा "काहीच नाही" असं येतं. मग राउटरचं नाव घेऊन पुन्हा विचारावं लागतं.

रात्री मेन पाडायची सवय बदलायची का, यावर थोडी चर्चा झाली. प्रिंटर इन्व्हर्टरवर घ्यावा असं अकाउंट्सचे काका म्हणाले. लेझर प्रिंटर चालू होताना मोठा करंट ओढतो, छोट्या इन्व्हर्टरला ते झेपत नाही. वाटणी आवळल्यावर त्याची गरजही उरली नाही, म्हणून सवय होती तशीच ठेवली.

राहिलेलं एकच. राउटर अजून इंटरनेट देणाऱ्यांचाच आहे आणि त्यांनी तो पुन्हा बदलला की आमची १०० ते १९९ ची वाटणी त्याच्याबरोबर जाईल. यावर खरा उपाय म्हणजे त्यांच्या राउटरमागे फर्मचा स्वतःचा राउटर आणि त्यात प्रिंटरचा राखीव पत्ता. त्याचं कोटेशन दिलेलं आहे. शेठजी म्हणाले, सीझन निघू द्या, पावसाळ्यात पाहू.